टीपीएलओला ९ आठवडे झाले तरी गुडघा हलतोय, ऑपरेशन फसलं का??

बंड्याची_आई:
नमस्कार मंडळी. आमचा बंड्या, लॅब्रॅडोर कुत्रा, ६ वर्षांचा, ३८ किलो (हो माहितीये जास्त आहे, आजोबा टेबलाखालून पोळी देतात). मागच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट (हाडं धरून ठेवणारा पट्टा) तुटलं म्हणून टीपीएलओ केलं, म्हणजे नडगीचं हाड कापून, फिरवून प्लेट लावतात ते ऑपरेशन. परवाच्या एक्स-रेत हाड छान जुळलंय, प्लेट-स्क्रू जागेवर. चालतो पण बरा, फक्त झोपेतून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं आखडतो. काल लसीला जवळच्या डॉक्टरांकडे नेला तर त्यांनी सहज त्याला कुशीवर झोपवून एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली आणि ती चक्क सरकली हो, मला डोळ्याने दिसलं. म्हणे "अजून लूजच आहे". तेव्हापासून डोकं फिरलंय. एवढा पैसा, दोन महिने त्याला टॉवेलची झोळी करून शूला नेलं ते काय उगाच?

आधी_गुरं_आता_कुत्री:
ताई घाबरू नका, मी व्हेट आहे. टीपीएलओत तुटलेलं लिगामेंट कोणी परत जोडत नाही. कुत्र्याच्या नडगीचा वरचा माथा मागे उतरता असतो, बऱ्याच कुत्र्यांत २५ अंशांच्या आसपास. पायावर वजन आलं की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरायला बघतं आणि नडगी पुढे सटकते, ते लिगामेंट धरून ठेवतं. उतारावर दोरीने बांधलेली हातगाडी समजा. दोरी तुटली. आपण नवी दोरी बांधली नाही, हाड गोल कापून, फिरवून उतारच ५ अंशांच्या जवळ आणला. आता गाडी आपणहून घरंगळत नाही, पण कोणी हाताने ढकलली तर हलणारच की! काल तेच झालं. तो उभा असताना, चालताना गुडघा सटकतो का ते महत्त्वाचं. वेगळी टेस्ट असते, गुडघा स्थिर धरून टाचेचा सांधा वाकवायचा आणि नडगी पुढे येते का बघायचं, ती सर्जनकडून करून घ्या.

चिंगी_पॉम:
आमच्या चिंगीचं (९ किलो) नायलॉनवालं झालं होतं, सांध्याच्या बाहेरून जाड दोरा बांधतात ते. त्यात मात्र सुरुवातीला असा ढिलेपणा दिसला तर लगेच दाखवायचं असतं. तो दोरा पण पुढे सैल होतोच म्हणे, पण तोवर सांध्याभोवती जाड टिश्यू तयार होतो आणि खरा आधार तोच देतो, म्हणून पहिले दोन-तीन महिने उड्या बंद. आमची तिसऱ्या आठवड्यात सोफ्यावरून उडाली, मी फोनवर होते. असो. अजून एक, चांगली चालणारी चिंगी पाच महिन्यांनी अचानक पाय उचलून धरायला लागली आणि उठताना गुडघ्यात टक् टक् वाजायचं. गुडघ्यातली गादी फाटली होती, परत ऑपरेशन. तुमच्याकडे आवाज येतो का?

सांगलीकर_७७:
ऑनलाइन नी ब्रेस मिळतो २-३ हजारात, घेऊन टाका

आधी_गुरं_आता_कुत्री:
ब्रेसच्या भानगडीत नका पडू. कुत्र्याची मांडी वर जाड खाली निमुळती, पट्टा खाली घसरतो आणि कातडी सोलते. त्यापेक्षा टाइल्सवर मॅट टाका. टक्-टक् बद्दल चिंगीच्या आईंनी बरोबर सांगितलं, मेनिस्कस (तीच गुडघ्यातली गादी) नंतरही फाटू शकतो, टीपीएलओत पण. आणि आखडतो म्हणून घरातली माणसांची पेनकिलर अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेनने किडनी गेलेली कुत्री बघितलीत.

बंड्याची_आई:
खूप थँक्यू, आवाज नाही येत. आज शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या मोजल्या तर उजवी २ सेमी बारीक. हे पण नॉर्मल का? आणि डावा गुडघा पण जातो असं ऐकलंय

आधी_गुरं_आता_कुत्री:
दोन महिने वापरली नाही तर बारीक होणारच, भरायला बरेच महिने लागतात. पट्ट्याने हळू चालवा, तेही सर्जन सांगतील तेवढंच. हळू चालला की चारही पाय टेकतो, पळाला की तीन पायांवर भागवतो. दरवेळी एकाच जागी टेप लावा, नाहीतर आकडे काहीही येतील. डावा जायची शक्यता खरीच आहे, तिघांतल्या एकापासून निम्म्यांपर्यंत. वजन उतरवणं तेवढं आपल्या हातात.

बंड्याची_आई:
आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पोळीऐवजी काकडी द्यायला तयार झालेत, बंड्या मात्र काकडी तोंडात घेऊन सोफ्यामागे ठेवून येतो 😅 टाचेच्या टेस्टसाठी शनिवारी सर्जनकडे चाललोय, कळवते.