पेटीतले दोन तारे आणि पारोळ्याचे इंजिन-दुकान: आजोबांचा माग कसा काढावा?

बोरीकाठ

सप्रेम नमस्कार. आमच्या पारोळ्याच्या जुन्या घराची माळवदाची खोली उतरवताना आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आजोबांना सगळे गाव ‘आबा मिस्तरी’ म्हणत असे. त्यांचे ऑइल इंजिन दुरुस्तीचे दुकान 1951च्या सुमारास सुरू झाले आणि ते 1989मध्ये गेले तोपर्यंत चालू होते. त्याआधी ते ‘लढाईत होते’ एवढेच आम्हांला ठाऊक होते. कोणी फार खोदून विचारले तर ‘आसामात होतो’ असे म्हणून ते पुन्हा हातातल्या कामाकडे वळत.

पेटीत सहा टोकांचे दोन पिवळ्या धातूचे तारे आहेत. त्यांतल्या एकाची फीत गडद निळी असून तिच्या मध्यभागी रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना बारीक नारिंगी रेघा आहेत. तिसरे पदक गोल असून त्यावर दोन तोंडांच्या राक्षसी प्राण्यावर उभा राहिलेला सिंह दिसतो. डिस्चार्जच्या, म्हणजे फौजेतून सुटल्याच्या, पुस्तकाला वाळवी लागली आहे. त्यात शिपाई क्रमांक, ‘फिटर’ हा शब्द आणि 1946 हे साल एवढेच वाचता येते. याखेरीज बारीक फटी मोजायचा पात्यांचा एक घडीचा गेज आणि एक वही आहे, आणि या वहीनेच मला चक्रावून टाकले आहे. अक्षरे सगळी इंग्रजी, पण भाषा मात्र इंग्रजी नाही. आबा व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, मराठीत शिकलेले, त्यामुळे वही त्यांचीच की दुसऱ्या कोणाची, हेही कळत नाही. त्यांनी लढाईत नेमके काय केले असावे आणि हा धंदा त्यांना तिथूनच मिळाला का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त सुभेदार, भुसावळ

वही बहुधा त्यांचीच आहे. त्या काळच्या इंग्रजांच्या हिंदी फौजेत शिपायांना रोमन लिपीत हिंदुस्तानी लिहायला-वाचायला शिकवत असत, कारण एकाच वर्कशॉपमध्ये पंजाबी, मद्रासी, मराठा आणि पठाण एकत्र काम करत आणि कोणा एकाची लिपी सर्वांना येत नसे. वहीतला मजकूर मोठ्याने वाचून पाहा, बराचसा आपोआप कळेल.

निळी-लाल-नारिंगी फीत ब्रह्मदेशाच्या तार्‍याची, म्हणजे ‘बर्मा स्टार’ची आहे. दुसरा तारा ‘1939-45 स्टार’ असावा. त्याच्या मधल्या वर्तुळावर तसे कोरलेले असते. सिंहाचे गोल पदक म्हणजे ‘वॉर मेडल’, जे जवळजवळ सर्वांना मिळाले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बर्मा स्टार मिळाला म्हणजे माणूस ब्रह्मदेशात शिरलाच असे नाही. मे 1942पासून बंगाल आणि आसाममधली नोकरीही काही अटींवर त्यासाठी धरली गेली, आणि 1944पासून पूर्वेकडच्या भागातली. तेव्हा ‘आसामात होतो’ हे तुमच्या आबांचे उत्तर टाळाटाळीचे नसून अगदी काटेकोर खरे असू शकते. 1944च्या मार्चअखेरीस जपान्यांनी कोहिमा-इंफाळ रस्ता तोडला आणि 22 जूनला तो पुन्हा मोकळा झाला. त्या आघाडीचा बराचसा दाणागोटा, दारूगोळा आणि जखमी माणसे दिमापूरची रेल्वे आणि आघाडी यांच्यामध्ये ट्रकने वाहिली जात. पावसाळ्यात त्या घाटात ट्रक चालू ठेवणे ही एक स्वतंत्र लढाईच होती आणि ती फिटर लढत असत.

वाहन-दुरुस्तीचे काम 1943मध्ये शस्त्रे आणि सामान पुरवणाऱ्या ऑर्डनन्स कोअरमधून काढून नव्या ‘इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’कडे दिले गेले. लष्कराची यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या आजच्या ईएमई शाखेचे ते मूळ होय. ईएमईचे रेकॉर्ड ऑफिस सिकंदराबादला आहे. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, शिपाई क्रमांक अगदी अचूक लिहून, अर्ज करावा. पुस्तकाची वाळवी झाडू नका. आधी फोटो काढा.

शंकेखोर, धुळे

सुभेदारसाहेबांच्या माहितीबद्दल आदर ठेवून एक शंका मांडतो. फौजेतले बहुतेक ट्रक, विशेषतः कॅनडात बांधलेले फोर्ड आणि शेव्हर्लेट, पेट्रोलवर चालत. विहिरीवरचे ऑइल इंजिन डिझेलचे. त्यात ठिणगीचा प्लग नाही की कार्ब्युरेटर नाही. हवा दाबूनच ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल पेट घेते. मग पेट्रोलच्या गाड्यांवर शिकलेला माणूस थेट इंजिनवाला कसा होईल? मला वाटते, 1946 ते 1951 या पाच वर्षांत त्यांनी दुसरे काही केले असावे. युद्धानंतर फौजेचे ट्रक विक्रीला निघाले, त्यांना लोक ‘डिस्पोजलचे ट्रक’ म्हणत. धुळे-जळगावकडच्या माल वाहणाऱ्यांनी ते घेतले आणि ते दुरुस्त करायला फौजेतून सुटलेल्या माणसांइतका जाणता दुसरा कोण होता?

आबांच्या अबोलपणाबद्दलही एक सुचवावेसे वाटते. 9 सप्टेंबर 1942ला नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीला बळी पडला. 14 एप्रिल 1944ला, इंफाळला वेढा पडलेला असताना, इकडे चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. अशा मुलखात सरकारी वर्दी घालून परत आलेल्या माणसाने पदके पेटीत ठेवली असतील तर त्यात नवल नाही. ती फेकली नाहीत, हेही मला तितकेच बोलके वाटते.

विहीरवाला, अमळनेर तालुका

पेट्रोल-डिझेलचा मुद्दा बरोबर आहे, पण तो पुरता लागू पडत नाही. मी आबा मिस्तरींना पाहिलेले आहे. 1972च्या दुष्काळात ते आमच्या विहिरीत उतरले होते.

नव्या वाचकांसाठी सांगतो. पंप पाणी वर कितीही ढकलेल, परंतु खालून ओढताना वीस-बावीस फुटांपलीकडे तो हात टेकतो. त्या वर्षी पाणी इतके खोल गेले की मोटेच्या थारोळ्याशेजारचे इंजिन सुटे करून, दोर लावून, आठ-दहा गड्यांनी विहिरीतल्या कपारीवर उतरवले. खाली धूर कोंडू नये म्हणून धुराड्याला लांब नळ जोडून तो वर आणला. आबांनी आधी कंदील सोडला, तो विझला नाही हे पाहिले आणि मगच स्वतः उतरले. हँडल मारायला माझा थोरला भाऊ पुढे झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. हँडल मुठीत आवळायचे नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तरी हँडल हातातून निसटते आणि अंगठा मोडत नाही. ही शिकवण पेट्रोलच्या ट्रकची आहे. त्या गाड्याच असा झटका द्यायच्या.

त्यांचे दुसरे वेड डिझेल गाळण्याचे. पिंपातले डिझेल तिहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय ते इंजिनाला हात लावत नसत. ‘पहिले डिझेल गाय, मंग बोल,’ असे ते म्हणत. आमच्या अहिराणीत ‘गाळ’चा ‘गाय’ होतो, त्यामुळे बाहेरगावचा पाहुणा गोंधळून गोठ्याकडे बघायचा. नोझलच्या छिद्रात कचरा गेला की फवारा बिघडतो आणि इंजिन काळा धूर ओकू लागते. पैसे मात्र त्यांनी त्या दिवशी घेतले नाहीत. कापूस विकल्यावर किंवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशोब व्हायचा, आणि 1972मध्ये कापूस कुठला? ते बिल आमच्या वडिलांनी दोन आखाज्यांनंतर फेडले.

बोरीकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला समोर बसवून वही मोठ्याने वाचली आणि सुभेदारसाहेब म्हणतात तसे शब्द एकेक करून ओळखीचे होत गेले. ‘पहले तेल देखो, फिर पानी देखो, फिर हवा देखो.’ पुढे ‘टापेट दस थाऊ’ असे आहे, म्हणजे इंजिनाच्या टॅपेटची फट इंचाचे दहा हजारांश ठेवायची. गेजची पाती उघडून पाहिली तेव्हा 10 आकड्याचे पाते बाकी सर्वांपेक्षा झिजलेले दिसले. शेवटच्या काही पानांवर नोझल आणि पंपाची आकृती आहे, पण शाई वेगळी आहे आणि लिपी देवनागरी. म्हणजे शंकेखोरांचे म्हणणे खरे दिसते: डिझेल त्यांनी इकडे परतल्यावर शिकले. आईच्या सांगण्यानुसार ते मधली तीन-चार वर्षे धुळ्याला एका ट्रकमालकाकडे होते, ही गोष्ट मला आजच कळली.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. वहीतल्या पहिल्या पानांवर प्रत्येकी एक शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: पीर, मंगल, बुध, जुमेरात, जुमा. त्याखाली ब्रेक, स्प्रिंग, बॅटरी अशी नावे आहेत.

निवृत्त सुभेदार, भुसावळ

ते वार आहेत. पीर म्हणजे सोमवार, जुमेरात म्हणजे गुरुवार, जुमा म्हणजे शुक्रवार. फौजेत गाडी बिघडण्याची वाट बघत नसत. रोज गाडीचा एकेक भाग ठरलेला असे आणि त्या दिवशी ड्रायव्हरने तोच उघडून तपासायचा, पुसायचा, आवळायचा.

बोरीकाठ

आता आईचा चेहरा उजळला. आबा घरात कायम ‘जुमेरात’ म्हणायचे आणि आजी त्यांना हसायची. दुकानाच्या जुन्या चोपड्या माळ्यावर आहेत. त्यांत गिऱ्हाईकाच्या नावाऐवजी इंजिनाचा नंबर आधी लिहिलेला असतो आणि गुरुवारच्या रकान्यात कधीच जमा नसते. फक्त ‘हत्यारे धुतली’ एवढेच लिहिलेले असते. 1989च्या शेवटच्या चोपडीतसुद्धा तेच आहे. सिकंदराबादचा अर्ज उद्या टाकतो.