इलेक्ट्रिक गिटारचं रूप आणि किंमत : वाजवणाऱ्याला खरंच फरक पडतो का?

सहा_तारा (धागा सुरू करणारा)

बारावीची परीक्षा संपली की सोलापुरात गिटार शिकायला येणाऱ्यांची रांग लागते, आणि सोबतचे आईवडील पहिला प्रश्न विचारतात, केवढ्याची घ्यायची? मी बरीच वर्षं शिकवतोय, प्रश्न सवयीचा आहे. यंदा एका मुलाच्या वडिलांचं ऐकून मात्र अस्वस्थ झालो. मुलाकडं 12 हजारांची इलेक्ट्रिक आहे, हात चांगला बसलाय, कान तयार आहे. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की ही गिटार म्हणजे खेळणं, वाजवण्यालायक गिटार 70 हजारांच्या आत मिळतच नाही. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत आणि पतसंस्थेचं कर्ज काढायला निघालेत.

माझं मत स्पष्ट आहे. त्या वरच्या 58 हजारांचा फरक त्या पोराच्या वाजवण्यात ऐकू येणार नाही.

आवाज कसा तयार होतो ते बघा. पोलादी तार तिच्याखाली बसवलेल्या पिकपच्या चुंबकाजवळ हलते, त्यामुळं त्या पिकपमधल्या कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि केबलमधून अ‍ॅम्पकडं जातो. पुढं गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापून टाकतो. या सगळ्या वाटेवर बॉडीचा रंग किंवा हेडवरचं, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरचं, कंपनीचं नाव कुठं येतं? लाकडाचा परिणाम किती, यावर जगभर वाद चालू आहेत. पण पिकप तारांपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर खालीवर केला की होणारा बदल कुणालाही ऐकू येतो, आणि त्यासाठी फक्त एक स्क्रू ड्रायव्हर लागतो.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं 1978 च्या पहिल्या अल्बमवर वाजवलेली गिटार त्यानं स्वतः जोडली होती. बॉडी 50 डॉलरची, तीही खोट असलेली म्हणून स्वस्तात मिळालेली. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, 80 डॉलरची. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं 1963 पासून वडिलांच्या मदतीनं घरातच गिटार घडवली, तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे. लेड झेपलिनच्या जिमी पेजकडं हार्डबोर्डच्या बॉडीची डॅनइलेक्ट्रो कंपनीची गिटार होती. त्यांना कुणी सांगितलं नाही की आधी कर्ज काढा.

पार्कचौक_लीड

सर, बरोबर बोलूलालाय, पण अर्धंच.

तुम्ही व्हॅन हेलनचं उदाहरण दिलं. त्याच गिटारवर त्यानं स्वतः टेप चिकटवून काळेपांढरे पट्टे काढले आणि पुढं त्यावर लाल रंग चढवला. आज ती गिटार लोक आवाज न ऐकता, नुसत्या पट्ट्यांवरून ओळखतात. रूपाशी देणंघेणं नसलेला माणूस एवढा खटाटोप करेल का? ब्रायन मेच्या गिटारवर फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या) खुणा म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं बसवलेली आहेत. पैसे कमी होते, पण गिटार देखणी व्हावी ही ओढ कमी नव्हती.

मी ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. गणपतीतले मंडळांचे कार्यक्रम, लग्नाचे रिसेप्शन, हुतात्मा स्मृती मंदिरातले शो, हेच माझं काम. सुपारी देणारा आधी फोटो बघतो. स्टेजवर मळकी, कोपरे उडालेली गिटार घेऊन उभं राहिलं तर पुढच्या रांगेतला माणूस काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी बोलावत नाही. मिरवणुकीतली बेंजो पार्टी बघा. बुलबुलतरंगाला पिकप लावून मोठ्या भोंग्यांवर वाजवतात. आवाजासाठी तेवढं पुरे असतं, तरी ते वाद्य चकचकीत रंगवून, लाइट लावून गाडीवर ठेवतात. पब्लिक कानाआधी डोळ्यानं ऐकतं.

किमतीचं म्हणाल तर, 12 हजारांच्या गिटारवर स्टेज करून बघा. हॅलोजनच्या उष्णतेत दुसऱ्या गाण्याला ट्युनिंग उतरतं. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक किती वेळ सांभाळून घेणार?

फ्रेटची_कामं

मी दुरुस्तीची कामं करतो. जुन्या सोलापूरकरांच्या हार्मोनियमपासून कॉलेजच्या पोरांच्या गिटारीपर्यंत सगळं हाताखालून जातं. तुम्हा दोघांच्या भांडणात खरा मुद्दा राहून गेलाय, पैसे नेमके कशाला पडतात?

स्वस्त गिटारमध्ये पहिली काटछाट नटवर, म्हणजे हेडजवळ तारा टेकतात त्या पट्टीवर, होते. प्लास्टिकचा नट, खाचा पुरेशा खोल कापलेल्या नाहीत. मग पहिल्या फ्रेटजवळ तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि एफ कॉर्ड बेसूर लागते. पोराला वाटतं आपलाच हात वाईट. दुसरी काटछाट फ्रेटच्या घासकामात. एखादा फ्रेट केसभर वर राहिला की तिथं तार खरखरते. तिसरी लाकडाच्या वाळवणीत, आणि आपल्या गावाला सगळ्यात जास्त झोंबते ती हीच. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, हवा कोरडी ठणठणीत. फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीचं, लाकूड आक्रसतं पण धातूचा फ्रेट आक्रसत नाही, त्याची टोकं कडेनं बाहेर येतात. दर उन्हाळ्यात तळहात खरचटलेली पोरं माझ्याकडं येतात. नेकही वाकते, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) फिरवून सरळ करावी लागते.

हे सगळं दुरुस्त होतं. नट बदलणं, फ्रेटची टोकं घासणं, तारांची उंची आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) लावणं, नव्या तारा, हे धरून दीड-दोन हजारांत काम होतं. लीड भाऊंची ट्युनिंगची तक्रार खरी आहे, पण बहुतेक वेळा दोष खुंट्यांचा नसतो. तार नटच्या खाचेत अडकते, बेंड केल्यावर (बोटानं ओढल्यावर) जागेवर परत येत नाही. खाच नीट घासली की 12 हजारांची गिटारसुद्धा अख्खा कार्यक्रम सुरात राहते.

25-30 हजारांच्या पुढं मात्र पैशाचा मोबदला झपाट्यानं कमी होत जातो. इंडोनेशियातल्या कोर्ट नावाच्या गिटार कंपनीच्या कारखान्यात त्यांच्या स्वतःच्या नावाच्या गिटारी बनतात आणि पीआरएस या दुसऱ्या कंपनीची एसई मालिकाही. लाकूड कापणारी यंत्रं संगणकावर चालतात, नाव बघून ती वाकडं-सरळ कापत नाहीत. फरक पडतो तो पुढच्या हातकामात आणि तपासणीत. त्या तपासणीचे पैसे मोजणं चूक नाही. पण तेच काम तुमच्या गावात होत असेल तर कर्ज कशासाठी?

निळी_स्ट्रॅट

मी संगमेश्वर कॉलेजला आहे आणि माझी गिटार मी रंग बघून घेतली. तशीच काळी चार हजारांनी स्वस्त मिळत होती, तरी निळी घेतली. याबद्दल क्लासमध्ये मला खूप ऐकवलं गेलं, म्हणून लिहिते.

सर, तुम्ही म्हणता आवाजाच्या वाटेवर रंग येत नाही. मान्य. पण गिटार हातात घेण्याच्या वाटेवर येतो. माझी गिटार भिंतीवर टांगलेली असते. अभ्यासातून डोकं वर काढलं की ती दिसते आणि मी उठून वाजवायला लागते. पेटीत बंद असती तर एवढं वाजवलंच नसतं. शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज रोज वाजवण्याची असते ना? मग रोज वाजवायला लावणारी गोष्ट बिनमहत्त्वाची कशी?

आणि हे खूळ आजचं नाही. फेंडर कंपनी 1960 च्या आसपास मोटारींचे रंग गिटारवर द्यायची आणि त्यासाठी 5 टक्के जास्त घ्यायची. लोक देत होते. इलेक्ट्रिक गिटार नवीन होती तेव्हापासून रूप विकलं जातंय, कारण वाजवणाऱ्यांनाच ते हवं होतं.

शिवाय रूप म्हणजे नुसता रंग नाही. फेंडरच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरची (स्ट्रॅटची) बॉडी मागून आणि पुढून खोलगट कापली, कारण आधीच्या टेलिकास्टरची कड वादकांच्या बरगडीला आणि हाताला लागायची. गिब्सन कंपनीची लेस पॉल घेतली तर चार किलोंच्या वर वजन खांद्यावर. माझी उंची कमी आहे, मला तिच्यासोबत दोन तास उभं राहता येत नाही. हा दिसण्याचा प्रश्न आहे की वाजवण्याचा? दोन्ही एकच आहेत.

सहा_तारा

ताई, आकाराबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. शरीराला बसणं ही वाजवण्याचीच बाब आहे, त्याला मी रूप म्हणत नाही. पण नुसतं रूप वेगळं काढलं तर त्याचा भाव किती लहरी असतो बघा. गिब्सननं 1958 मध्ये बाणासारखी फ्लाइंग व्ही काढली. तेव्हा कुणी घेईना, पहिल्या फेरीत शंभरही गेल्या नाहीत. आज त्यातल्या एकेकीसाठी संग्राहक घराएवढे पैसे मोजतात. गिटार तीच, लाकूड तेच, पिकप तेच. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट 2019 च्या लिलावात 39 लाख 75 हजार डॉलरला गेली. 1970 मध्ये त्यानं ती न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतली तेव्हा ती दुकानातली साधी स्ट्रॅट होती. किंमत त्याच्या बोटांनी वाढवली.

वाजवणाऱ्यांना किंमत हातानं कळते म्हणाल, तर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला व्हायोलिनचा प्रयोग बघा. दहा नामवंत एकलवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं हातात दिली. पुढच्या दौऱ्यावर कोणतं न्याल विचारल्यावर सहा जणांनी नवं निवडलं. जुनं कोणतं, नवं कोणतं, हेही त्यांना खात्रीनं ओळखता आलं नाही. आयुष्यभर वाजवणाऱ्यांची ही गत, मग सहा महिने शिकलेल्याला 70 हजार कशात दिसणार?

पार्कचौक_लीड

सर, स्टेजवर कुणी गडद चष्मा लावून वाजवत नाही. डोळे उघडे ठेवून वाजवतो आम्ही. गिटार आवडली की छाती पुढं काढून वाजवतो, नाही आवडली की अंग चोरून. हा फरक प्रयोगातून काढून टाकला आणि मग फरक सापडला नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

मंगळवेढ्याचा_मळा

गिटारमधलं कळत नाही, पण वाद्याच्या किमतीबद्दल बोलतो. आमच्या पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारे भोपळे मिरजेला तंबोऱ्या-सतारीसाठी जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. भोपळा जाड सालीचा, सुडौल, पुरता वाळलेला असावा लागतो. कारागीर हातात घेऊन, ठोकून बघतो आणि मगच दर ठरतो. चांगल्या भोपळ्याला चांगला पैसा, कारण आवाज त्याच्यातच घुमतो. किंमत म्हणजे फसवणूक असा सूर इथं लागतोय तो खटकला. घडवणाऱ्या हाताला दाम मिळायलाच हवा.

सहा_तारा

काका, तंबोऱ्याबाबत शंभर टक्के सहमत. तिथं भोपळा, तबली (वरची लाकडी फळी), जवारी (तारांखालची घोडी), सगळ्याचा मिळून आवाज होतो, म्हणून चांगल्या कारागिराचा तंबोरा महाग असतो आणि असावाच. साध्या अकूस्टिक गिटारलाही हेच लागू आहे, तिची वरची फळी आवाज करते. माझं बोलणं फक्त भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिकबद्दल आहे. तिथं घुमणारी पोकळीच नाही. अकूस्टिकचा हिशेब इलेक्ट्रिकला लावून लाकडाच्या नावावर पैसे काढले जातात, राग त्याचा आहे.

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही. आपल्याकडं दुकानात पाच-सहा इलेक्ट्रिक टांगलेल्या असतात, जास्त बघायच्या तर पुण्याला जा, नाहीतर ऑनलाइन मागवा. मोबाइलवर गिटार हातात घेता येत नाही, नेक किती जाड ते कळत नाही. दिसतं काय? फोटो आणि आकडा. म्हणून पोरं फोटोवर आणि आकड्यावर भांडतात. तोच पैसा अ‍ॅम्पमध्ये घातला तर पहिल्या दिवशी फरक ऐकू येईल.

पार्कचौक_लीड

अ‍ॅम्पचं एकदम मान्य. त्यात भर घालतो. मंडळाच्या स्टेजवर लाइट जनरेटरवर, अर्थिंगचा पत्ता नसतो. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकपची गिटार लावली की गाणं थांबताच घूंऽऽ ऐकू येतं. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर घरीही तेच. गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये हमबकर नावाचा पिकप काढला तो याचसाठी. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडल्या की घरघर कटते. दीड लाखाची सिंगल कॉइल घरघरेल आणि 15 हजारांची हमबकरवाली गप्प राहील. इथं किंमत हरते, कबूल. पण दोन्ही हमबकरच्या असतील तर मी देखणीच घेणार, आणि दोन-चार हजार जास्त देऊन घेणार.

अक्कलकोट_रोड_पालक

सगळ्यांचं वाचलं. मुलगी आठवीत आहे, गिटारचा हट्ट धरलाय. हातात अ‍ॅम्पसकट 20 हजार आहेत. दुकानात गेल्यावर मी काय बघायचं तेवढं सांगा, मला त्यातलं काही कळत नाही.

फ्रेटची_कामं

दादा, गिटारला 13-14 हजार, छोट्या अ‍ॅम्पला 4 आणि उरलेले सेटअपला, म्हणजे नट-फ्रेट-तारा नीट लावायला, ठेवा. दुकानात नेक डोळ्यासमोर धरून हेडकडून बॉडीकडं बघा, पीळ दिसला तर ती गिटार नकोच. कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं बोचतात का बघा. थोडी बोचत असतील तर घासून देईन. मग दुकानदाराला प्रत्येक तार आधी मोकळी आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून ट्यूनरवर दाखवायला सांगा, दोन्हीकडं एकच सूर यायला हवा. थोडा फरक असेल तर ब्रिजवर (बॉडीवर तारा टेकतात तिथं) सरकवून जुळतो, पण सरकवायला जागा शिल्लक आहे का तेवढं बघून घ्या. मुलगी बसून गिटार मांडीवर घेईल तेव्हा डावा हात सोडायला सांगा, हेड खाली झुकत असेल तर दुसरी बघा.

निळी_स्ट्रॅट

आणि काका, या तपासणीत पास झालेल्या दोन-तीन समोर ठेवून रंग तिला निवडू द्या.

सहा_तारा

याला माझी हरकत नाही. फक्त त्या रंगासाठी अ‍ॅम्पचे 4 हजार मोडू नका.