'डीएनए करा, विषय संपवा' म्हणे!

कोर्टाचीपायरी: काल कोणीतरी लिहिलं, 'पोर आपलं नाही अशी नवऱ्याला शंका आली की कोर्टाने सरळ डीएनए चाचणीचा हुकूम द्यावा, विषय संपला.' कुणाचा संपला? पाच वर्षांच्या पोराचा तिथून सुरू होतो! जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२ (आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ११६) उगाच नाही. लग्न टिकून असताना, किंवा मोडल्यावर २८० दिवसांत मूल झालं आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते नवऱ्याचंच. नाही म्हणायचंय? मग त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे आधी सिद्ध करा. पुण्याच्या खटल्यात २०२३ साली सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं. बायकोचा व्यभिचार शाबित करायला पोराला वेठीला धरू नका.

वऱ्हाडी_ठेचा: तो 'कोणीतरी' मीच. कायदा १८७२ चा, तेव्हा रक्तगटसुद्धा माहीत नव्हते. आमच्या नागपूरचा २०१४ चा निकाल बरा विसरलात! दोनदा चाचणी, दोन्ही वेळा 'बाप नाही'. कोर्टाने विज्ञानच मानलं. माझा मावसभाऊ नऊ वर्षं पोटगी भरतोय. मुलगा त्याचा की नाही, अजून पत्ता नाही. त्याला ऐकवा तुमची कलमं.

कोर्टाचीपायरी: त्याच निकालात भरलेली पोटगी परत मागायची नाही, असंही आहे. तेवढं वाचायचं राहिलं वाटतं.

निशिगंधा: अवांतर, पण बोलतेच. सगळे बापाशीच अडकलेत. घटस्फोटानंतर लेकीच्या प्रवेशाला गेले, तर कारकून म्हणे, 'वडिलांची सही आणा.' फी मी भरणार, सही त्यांची! वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचा राज्य सरकारचा नियम १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना. माझी २०१६ ची, म्हणजे बसा बोंबलत.

उपनगरी: त्याने काय होणार? पुतणीचं नाव आता आगगाडीएवढं झालंय, रकान्यात मावत नाही.

निशिगंधा: मग आडनाव काढा की काका. कात्री आईच्याच नावाला का?

उपनगरी: काका कोणाला? चौतिशीचा आहे मी!

निशिगंधा: विचार चौऱ्याहत्तरचे आहेत.

वऱ्हाडी_ठेचा: नावांचा धागा वेगळा काढा राव! माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारींचं रक्त २०१२ मध्ये डीएनएसाठी घेतलंच ना कोर्टाने? तेव्हा कुठे गेली होती अब्रू?

कोर्टाचीपायरी: तिथे मागणारा मुलगाच होता, तोही सज्ञान. आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या अशाच सज्ञान मुलाला नाही म्हटलं. आईचं लग्न टिकून होतं ना तेव्हा. बरं, एक कबूल करतो. संबंध नव्हता हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या भावासारख्याला जडच जातं. एका घरात राहणारा माणूस पुरावा आणणार कुठून?

वऱ्हाडी_ठेचा: उपकार झाले वकीलसाहेब. धागा भावाला पाठवला होता. म्हणतो, पोराची दहावी आहे, आता नको काही.

निशिगंधा: दहावीच्या फॉर्मवर नाव कोणाचं लावलंय?

वऱ्हाडी_ठेचा: त्याचंच. फॉर्म भरायला रजा काढून गेला होता.