कॅनडात गूजच्या शिकारीला जायचंय, आधी काय शिकून जाऊ?

घाटकोपरकर:
मंडळी, ऑक्टोबरात मावसभावाकडे सास्काचेवानला चाललोय. तो आणि त्याचे दोस्त दर मोसमात कॅनडा गूजच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या रानहंसाच्या, शिकारीला जातात, यंदा मलाही नेणार म्हणे. मी आजवर हातात धरलेली एकमेव बंदूक म्हणजे जुहूच्या फुगेवाल्याची. तिथे त्यांच्या गळ्यात लोढणं नको व्हायला. नेम कसा शिकू? ऑनलाइन कॉल (गूजसारखा आवाज काढायची शिट्टी) मागवलाय, तो इथेच वाजवून बघतो.

पाणथळवाला:
आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे सगळं बंद आहे, माहीत असेलच. हौस असेल तर हिवाळ्यात भिगवणला या, पट्टकादंब दाखवतो, तेही रानहंसच. कॅमेऱ्याने टिपा.

मुलुंडचा फिटर:
पाणथळवाले, त्याला भिगवणला नंतर न्या, आधी त्याच्या प्रश्नाचं बघू.

सास्काटूनजवळ कम्बाईन (कापणी-मळणी यंत्र) दुरुस्तीच्या कामाला होतो तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांबरोबर जायचो. नेमाचं टेन्शन घेऊ नकोस, ते सगळ्यात शेवटी येतं. आदल्या संध्याकाळी गाडीतून शेतं हिंडायची आणि थवा कुठे चरायला उतरतोय ते दुर्बिणीने बघायचं. कापणी झालेलं बार्लीचं नाहीतर वाटाण्याचं शेत त्यांना फार आवडतं. कोणी छेडलं नाही तर सकाळी बहुतेक तिथेच परत येतात. मग शेतमालकाच्या दारात जाऊन परवानगी मागायची. रात्री मुक्काम करतात त्या तळ्यावर गोळी चालवायची नाही, नाहीतर थवा तो भागच सोडून जातो.

पहाटे अंधारात डिकॉय, म्हणजे थव्याला भुलवायचे नकली गूज, मांडायचे. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतो, म्हणून मांडणी इंग्रजी यू सारखी, तोंड वारा जातो त्या बाजूला उघडं, मधे उतरायला मोकळी जागा. ब्लाइंडपासून (आपण आडवं पडून लपतो तो आडोसा) तीस पावलांवर एक डिकॉय खुणेचा ठेव, त्याच्या पलीकडच्या पक्ष्याचा विचारच करायचा नाही. ब्लाइंडवर त्याच शेतातला पेंढा खोचायचा, आणि भरपूर खोचायचा. बहुतेक थवे इथेच बिचकतात. तोंडावर जाळी घे. पक्षी डोक्यावर घिरट्या घालत असताना मान वर करून बघायचा मोह होतो, आणि तो गोरा चेहरा त्यांना वरून लख्ख दिसतो. डोळे फिरव, मान नको.

आता नेम. घाटकोपरवरून उतरणारं विमान कसं, रांगत चाललंय असं वाटतं? गूजचंही तेच, अंगाने मोठा म्हणून संथ दिसतो आणि नवख्याचे छर्रे शेपटीमागून जातात. थव्यावर झाडायचं नाही, एकच पक्षी निवडायचा, चोचीवर नजर, बंदूक फिरती ठेवून चाप ओढायचा. पाय खाली सोडून पंख वाकवले की समज आता उतरतोय. पण 'मारा' कोण म्हणणार ते आधी ठरलेलं असतं, त्याआधी उठायचं नाही. शेजारी माणूस आडवा पडलाय, नळी आपल्या वाट्याच्या पट्ट्याबाहेर वळवायची नाही. यात चूक केलीस तर पुन्हा कोणी नेणार नाही, आणि बरोबरच आहे.

पाणपक्ष्यांसाठी तिथे शिशाचे छर्रे १९९९ पासून देशभर बंद आहेत. पक्षी खड्यांबरोबर ते गिळतात आणि विषबाधा होते. पोलादी छर्रा हलका, वेग लवकर मरतो, म्हणून तर तीस पावलं.

स्थलांतरित पक्ष्यांचं केंद्राचं परमिट वेगळं, प्रांताचं लायसन्स वेगळं. पाहुण्याने बंदूक हाती घ्यायचे नियमही आहेत. भावाला आत्ताच चौकशी करायला लाव. आणि तो कॉल सोसायटीत वाजवू नकोस बाबा, सेक्रेटरी वर येईल. तिथेही वाजवायला जाणता माणूस असेल, तू गप्प पडून राहा.

घाटकोपरकर:
दादा, मानलं! खायला कसा लागतो? मावशी मालवणी मसाल्यात करेन म्हणतेय.

मुलुंडचा फिटर:
छातीचं मांस मटणासारखं लालभडक. जास्त शिजलं की चामडं. तंगड्या मात्र तासन्‌तास मंद आचेवर, मालवणी तिथे चालेल. साफ करताना छर्रे बोटांनी चाचपून काढा, एखादा राहतोच. मावशीच्या दाताखाली आला तर पुढच्या वर्षी तुला बोलावणार नाहीत.