जुळ्यांच्या बोटांचे ठसे सारखेच असतात का? (आधारला अदलाबदल झालीय)

जुळ्यांची_आई:
माझे जुळे मुलगे सहा वर्षांचे, हुबेहूब एकसारखे. पाच वर्षं झाली की आधारला बोटांचे ठसे द्यावे लागतात म्हणून शनिवारी दोघांना घेऊन गेले. तिथे ही गर्दी, त्यात धाकट्याचं भोकाड. घरी येऊन पावत्या बघते तर धाकट्याच्या नावाच्या पावतीवरच्या फोटोत पुढचा दात नाही. दात थोरल्याचा पडलाय! म्हणजे बोटंही ह्याची त्याला आणि त्याची ह्याला. नवरा म्हणतो, चेहरे सारखे तसे ठसेही सारखेच असणार, काय फरक पडतोय. खरंच असं असतं का?

भिंगवाले_काका:
ताई, फरक पडतो, दुरुस्ती करून घ्या. एकतीस वर्षं पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागात डोळ्याला भिंग लावून काढली, आता निवृत्त आहे. जुळ्यांचे ठसे वेगळेच असतात. पोटात साधारण दहाव्या आठवड्यापासून बोटांवर रेघा उमटायला लागतात. तेव्हा बोटाच्या टोकाची उशी किती फुगलेली होती, बोट कसं दाबलं गेलं, यावर बारकावे ठरतात. जनुकं एक असली तरी पोटातल्या जागा दोन.

दोघांच्या अंगठ्यावर चक्र असेलही, ते बऱ्याचदा जुळतं. यजमानांना तेवढंच दिसणार. आम्ही चक्र बघून थांबत नाही. रेघ कुठे संपली, कुठे फुटून दोन झाल्या, ते बघतो.

घरीच करून बघा. कागदावर पेन्सिल खसाखसा घासा, मुलाचा अंगठा त्या काळ्यावर टेकवा, मग अंगठ्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर चिकटवा. दोघांचे ठसे शेजारी ठेवून भिंगातून बघा. चक्राच्या मध्यापासून बाहेर रेघा मोजत या.

शंकासुर:
काका, पण जगातल्या सगळ्यांची बोटं कुणी तपासलीत? कधीच जुळत नाहीत हे ठरवलं कुणी?

भिंगवाले_काका:
रास्त शंका. सगळी कुणीच तपासलेली नाहीत. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1892 साली हिशोब मांडला की दोन बोटांचे ठसे जुळण्याची शक्यता 6,400 कोटींत एक. तो अंदाजच होता, आणि आज जगात बोटंच 8,000 कोटींच्या आसपास आहेत! पण कलकत्त्याला 1897 साली ठशांचं केंद्र सुरू झालं, तेव्हापासून जगभर एवढे ठसे साठले, तरी दोन माणसांचा पूर्ण ठसा तंतोतंत जुळल्याचं उदाहरण पुढे आलेलं नाही.

खरी भानगड वेगळीच आहे. गुन्ह्याच्या जागी पूर्ण ठसा कोण ठेवतो? आम्हाला मिळायची ती चान्स प्रिंट, म्हणजे नकळत उमटून राहिलेली, कपाटाच्या मुठीवरची, पावभर, तीही फरफटलेली. 2004 साली माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवरचा एक ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाशी जुळवला. त्यांच्याच तज्ज्ञांनी पुन्हा तपासून होकार भरला, कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञानेसुद्धा. स्पेनचे पोलीस मात्र नाही म्हणत राहिले, आणि शेवटी त्यांना तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा निघाला. मेफिल्ड तोवर दोन आठवडे अटकेत. म्हणजे ठसे दोघांचे वेगळेच होते, चुकली ती बघणाऱ्यांची नजर. आधी कुणीतरी 'जुळतोय' म्हटलं की पुढच्यालाही जुळलेलाच दिसतो. हे मी स्वतःवरून सांगतो. म्हणून साहेब म्हणाले तरी मी दुसऱ्याचा शेरा झाकून ठेवूनच ठसा बघायचो.

रेशनकार्ड:
आमच्या आजीचा अंगठा दुसऱ्याशी सोडा, स्वतःशीच जुळत नाही. रेशनच्या मशीनवर दर महिन्याला पाच-सहा वेळा टेकवावा लागतो.

भिंगवाले_काका:
भांडी घासून रेघा झिजतात हो, आणि वयाने कातडी कोरडी पडते. हात धुऊन, पुसून, किंचित तेलाचा हात फिरवून बघा. नाहीतर दुसरं बोट.

जुळ्यांची_आई:
काका, केलं! दोघांच्या उजव्या अंगठ्यावर चक्रच आहे, नवरा लगेच "बघ, म्हटलं नव्हतं" म्हणाला. मग मोजायला बसलो. थोरल्याची मधल्यापासून चौथी रेघ फुटते, धाकट्याची तिथे सरळ जाते आणि खाली मध्येच संपते. आता नवऱ्याच्या हातातून भिंग सुटत नाहीये, सगळ्या घराची बोटं काळी. मंगळवारी दोघांना पुन्हा घेऊन जातेय. धाकट्याचाही दात हलायला लागलाय, तो पडायच्या आत उरकायला हवं.