माहिती अधिकार दिन भाषणांपलीकडे कसा साजरा करता येईल?

प्रश्न – वाचनकट्टा

आमच्या वाचन मंडळाने २८ सप्टेंबरचा माहिती अधिकार दिन साजरा करायचे ठरवले आहे. वक्ता, हारतुरे आणि आभारप्रदर्शन एवढ्यावर तो आटोपू नये, अशी सर्वांची इच्छा आहे. हा अधिकार पत्रकारांसाठी किंवा कोर्टकचेऱ्या करणाऱ्यांसाठीच आहे, असा आमच्या बऱ्याच सदस्यांचा समज आहे आणि तो दूर व्हावा असे वाटते. ही तारीख कशी ठरली आणि कार्यक्रमात नेमके काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – जुनी पाने

तारखेपुरते सांगतो. २००२ साली बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे निरनिराळ्या देशांतील माहिती-स्वातंत्र्याचे कार्यकर्ते एकत्र आले होते आणि त्यांनी हा दिवस निश्चित केला. पुढे २०१५ मध्ये युनेस्कोने आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

अधिकार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. स्वीडनने १७६६ साली मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा करून सरकारी कागदपत्रे पाहण्याची मुभा नागरिकांना दिली, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत आन्देर्स क्युडेनियस हे धर्मोपदेशक आघाडीवर होते. कार्यक्रमात इतिहास सांगणार असाल, तर त्यापुढची घटना वगळू नका. १७७२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव्ह याने सत्ता आपल्या हाती घेतली आणि हे स्वातंत्र्य पुन्हा आकसले. कायदा झाल्याच्या तारखा सगळेच सांगतात, पण तो कसा पातळ होत जातो हे श्रोत्यांना कळणे मला अधिक गरजेचे वाटते.

उत्तर – दप्तरदार

मी नोकरीची बरीच वर्षे अभिलेख विभागात काढली असल्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. भाषणाऐवजी अर्जलेखनाची कार्यशाळा घ्यावी, असे मी सुचवेन.

अनेक अर्ज माहिती दडवली गेल्यामुळे नव्हे, तर मागणीच चुकीच्या रीतीने मांडल्यामुळे वाया जातात. ‘हा रस्ता इतक्या लवकर का उखडला?’ असा प्रश्न अर्जात लिहिला, तर ती अभिप्रायाची मागणी ठरते. कार्यालयाने आपल्याजवळ असलेले अभिलेख द्यायचे असतात, नवी मते तयार करून द्यायची नसतात. त्याऐवजी त्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, गुणवत्ता तपासणीचा अहवाल आणि अंतिम देयक यांच्या प्रती, कामाचे नाव व कालावधी लिहून मागितल्या, तर उत्तर त्या कागदांतूनच मिळते आणि अधिकाऱ्याला टाळाटाळ करायला फारशी जागा उरत नाही. ‘या विषयासंबंधीची सर्व कागदपत्रे’ अशी मोघम मागणीही टाळावी. नस्ती (म्हणजे कार्यालयातील फाइल) मोठी असेल, तर आधी तिचे निरीक्षण करू देण्याची विनंती करावी आणि मग हव्या त्या पानांच्याच प्रती घ्याव्यात. यात अर्जदाराचा खर्च वाचतो आणि कार्यालयाचा वेळही.

सदस्यांना आणखी दोन गोष्टी अवश्य सांगा. भारताच्या २००५ च्या कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावे लागत नाही. त्यामुळे पत्रकार असण्या-नसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तसेच उत्तराला मुदत असते. भारतात ती सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आहे, तर ब्रिटनमध्ये कामकाजाच्या २० दिवसांची. नकार आला तर तो सकारण असावा लागतो, आणि अपिलात त्या कारणांवरच बोट ठेवता येते.

उत्तर – उघडी खिडकी

दप्तरदारांचे म्हणणे उपयुक्त असले, तरी भर चुकीच्या जागी पडतो आहे असे मला वाटते. अर्ज करावा लागणे हीच मुळात दुसरी पायरी आहे. भारतीय कायद्याच्या कलम ४ नुसार कार्यालयांनी आपली कर्तव्ये, निर्णयप्रक्रिया, अंदाजपत्रक, अनुदान योजनांची अंमलबजावणी अशी बरीच माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करायची असते; ब्रिटनमध्येही सार्वजनिक संस्थांना प्रकाशन योजना ठेवावी लागते. म्हणून त्या दिवशी चार-पाच गट करावेत, प्रत्येक गटाने एकेका कार्यालयाचे संकेतस्थळ उघडून कायद्यातील यादीशी ताडून पाहावे आणि काय आहे, काय नाही, शेवटची नोंद कधीची आहे हे लिहून काढावे. वाचताही येणार नाहीत अशा पुसट छायाप्रती चढवून ठेवण्याची पद्धत फार आहे, तिचीही नोंद घ्यावी. हा तक्ता संबंधित कार्यालयाला सविनय पाठवला, तर दिवस कारणी लागेल.

प्रश्नकर्ता – वाचनकट्टा

आपणा सर्वांचे आभार. सकाळी संकेतस्थळांची तपासणी करावी आणि त्यातून जे सापडणार नाही त्यासाठी दुपारी अर्ज लिहावेत, असा क्रम आम्ही धरतो आहोत. एक शंका उरते : मागितलेल्या कागदात एखाद्या व्यक्तीचा खासगी तपशील असेल, तर संपूर्ण कागदच नाकारला जातो का?

उत्तर – दप्तरदार

तसे सरसकट करता येत नाही. न देण्याजोगा भाग वेगळा काढता येत असेल, तर तो झाकून उरलेला कागद देण्याची तरतूद भारतीय कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. अर्जातच ‘आवश्यक तेथे तपशील वगळून उर्वरित भाग द्यावा’ असे एक वाक्य घालून ठेवा. मिळालेली कागदपत्रे मंडळाच्या फलकावर लावणार असाल, तर त्यातील लोकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक तुम्हीही आधी झाका.