पूर्वेकडचे माळ, मेंढपाळ आणि लांडगा: संरक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?

प्रश्न: शाहूपुरीकर, कोल्हापूर

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो; आमची थोडी कोरडवाहू शेती कवठेमहांकाळ तालुक्यात आहे. दर उन्हाळ्यात ओळखीचे एक धनगर कुटुंब आमच्या रानात मेंढ्या बसवते. लेंडीखत आम्हाला मिळते, धान्य आणि ठरलेले पैसे त्यांना. यंदा रात्री वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर, लांडगा आला आणि वाघरीतून (मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणातून) कोकरे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी गावातील काही जणांनी मेलेल्या शेळीत विष भरून माळावर टाकण्याची भाषा सुरू केली. नुकसान ज्याचे झाले त्या मेंढपाळाने मात्र विष घालण्यास स्पष्ट नकार दिला, आणि मला त्याचेच अधिक आश्चर्य वाटले.

कोल्हापुरात वन्यजीव म्हटले की बोलणे राधानगरीचे गवे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्यापुढे सहसा जात नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वर्षाकाठी ज्याच्या हातात फारसे काही उरत नाही अशा माणसाच्या कळपावर जगणारा प्राणी राखावा, असे आपण कोणत्या अधिकाराने म्हणतो? आणि राखायचाच असेल, तर या कुटुंबाला आज नेमके काय करता येईल?

उत्तर: माळरान

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथले जाणकार अधिक चांगले देतील, म्हणून मी पहिल्याबद्दल लिहितो.

लांडगा मेंढ्यांवर का जगतो, हे आधी पाहावे लागेल. दख्खनच्या माळावर त्याचे मूळ भक्ष्य काळवीट, चिंकारा आणि ससा हे होते. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार केली जात असे आणि त्यासाठी चित्तेवानांची घराणी पोसली जात, हे येथे बहुतेकांनी ऐकलेले असेल. ज्या मैदानांत तो खेळ चालत असे तिथे काळवीट किती विपुल असले पाहिजेत याचा अंदाज त्यावरून करता येतो. आज त्या पट्ट्यात ऊस आहे. काळवीट गेले, मेंढरे राहिली आणि लांडगा त्यांच्याकडे वळला.

त्याला मारण्याचे प्रयत्नही कमी झाले नाहीत. इंग्रज सरकार प्रत्येक मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस देत असे, आणि इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी 2022 मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार देशात आता सुमारे 3,100 प्रौढ लांडगे उरले आहेत. त्याच वर्षीच्या व्याघ्रगणनेत वाघांचा सरासरी अंदाज 3,682 होता. लांडगा वाघाच्याच तोडीने दुर्मिळ आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, वाघाच्याच शेजारी बसला आहे, तरी वाघाइतकी ना त्याच्या वाट्याला प्रसिद्धी येते ना निधी. शिवाय आपल्याकडचा लांडगा ही जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक असल्याचे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून दिसते. म्हणजे इथला संपला तर युरोपातून आणून ती जागा भरता येणार नाही.

खरा पेच मात्र जमिनीचा आहे. ज्या माळावर पवन्या, मारवेल आणि कुसळ ही गवते वाढतात त्याला सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणतात, आणि एकदा पडीक म्हटले की तिथे ग्लिरिसिडियाची (बाहेरून आणलेली) झाडे लावणे, पवनचक्क्या उभारणे किंवा सौर पट्ट्या अंथरणे हा विकास ठरतो. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर जत-कवठेमहांकाळकडचे माळ द्राक्ष-डाळिंबाखाली गेले. दुष्काळी माणसाला पाणी मिळाले याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. परंतु उसात बिबट्या राहू शकतो, लांडगा राहू शकत नाही. त्याला मोकळा माळ आणि पिलांसाठी ओढ्याकाठचे निवांत बीळ लागते. चराऊ कुरण म्हणून तोच माळ मेंढपाळालाही लागतो. तुमच्या मेंढपाळाला ही गोष्ट उमगलेली असावी.

उत्तर: वारणाकाठ

वरील लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण ते पुण्या-कोल्हापुरात बसून पटते. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी माणसांवर हल्ले केले आणि बळी गेलेल्यांत बहुतेक लहान मुले होती, याचा उल्लेख आपण का टाळता? मेंढपाळांची मुले उघड्यावर, पालात झोपतात. लांडग्यांसाठी वेगळे अभयारण्य करून त्यांना तिकडे नेऊन सोडावे, एवढे तरी सरकारने करावे.

उत्तर: माळरान

उल्लेख टाळायचा नव्हता. बहराइचच्या आधी 1996 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात आणि त्यापूर्वी आताच्या झारखंडातील हजारीबाग भागातही असे घडले आहे. त्या प्रदेशांत नैसर्गिक भक्ष्य जवळजवळ नाही, वस्ती दाट आहे आणि घरांना धड दारेही नसतात. महाराष्ट्रात लांडगे आणि मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर वावरत असूनही तशी मालिका इथे घडलेली नाही. पिसाळलेल्या लांडग्याचा हल्ला ही निराळी बाब आहे. तरीही पालातली मुले मधोमध झोपवावीत, यात दुमत नाही.

अभयारण्याच्या सूचनेबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. झारखंडातील महुआडांड येथे 1976 पासून लांडग्यांचे अभयारण्य आहे आणि ते उपयोगाचेही आहे. पण आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे. सोलापूर-नगर भागात 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात खासगी शेते आणि अख्खी गावे होती, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले, आणि माळढोक तर दिसेनासाच झाला. उलट बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, आणि लांडग्यांचा एक कळप त्याच्या कितीतरी पट मोठ्या मुलखात फिरतो. उचलून एका कुंपणात सोडण्यासारखा हा प्राणी नाही.

उत्तर: बिरदेवाची पोरगी

मी शिवाजी विद्यापीठात शिकते आणि माझे आजोबा आटपाडीकडून मेंढरे घेऊन कोल्हापूरच्या नदीकाठापर्यंत येत असत. इथे मेंढपाळाच्या वतीने बरेच बोलले गेले आहे, म्हणून थोडे त्या बाजूने लिहिते.

आमच्याकडे लांडगा ‘आपला वाटा’ घेतो असे म्हातारी माणसे म्हणत, आणि हे बोलणे खरे असले तरी त्याचा आता फार गैरवापर होतो. धनगर सहनशील आहेत, त्यांची श्रद्धा आहे, असे लिहिले की नुकसानभरपाईची जबाबदारी हलकी होते. कळप मोठा होता आणि कुरण फुकट होते तेव्हा वाटा देणे परवडत असे. आता गायरानावर अतिक्रमणे आहेत, वनीकरणाच्या जागी चराईबंदी आहे आणि ऊसतोडीनंतरच्या रानात मेंढ्या बसवण्याचे करार आगाऊ ठरवावे लागतात. अशा स्थितीत माडग्याळ जातीचे एक चांगले कोकरू गेले तर त्या घराचा वर्षाचा हिशेब कोलमडतो.

भरपाईचे नियम गावात राहणाऱ्या शेतकऱ्याला समोर ठेवून केलेले आहेत. घटनेची माहिती 48 तासांत द्यायची, पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचे नाही, मग कागद आणि बँक खाते. फिरत्या वाड्याचा मुक्काम दोन-तीन दिवसांनी हलतो. कागदपत्रे मूळ गावी असतात आणि घटना दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात घडलेली असते. आमच्या नात्यातील एका कुटुंबाला एका कार्यालयाने ‘तुमच्या हद्दीत अर्ज करा’ असे सांगितले आणि त्यांच्या हद्दीतील कार्यालयाने ‘घटना जिथे घडली तिथे जा’ असे सांगितले. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, तेव्हा दाखवायला मृत जनावरही उरत नाही. परिणामी बहुतेक जण तक्रारच करत नाहीत, आणि तक्रार नाही म्हणून संघर्ष नाही असे अहवालात लिहिले जाते.

मेंढपाळाने विष नाकारले याचे आश्चर्य मला वाटत नाही, आणि त्यामागे एवढा मोठा विचार असण्याचीही गरज नाही. विष घातलेले मांस सर्वांत आधी वाड्यावरची कुत्री खातात.

उत्तर: निवृत्त पशुवैद्यक

मूळ प्रश्नकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

हल्ला लांडग्याचाच होता का, हे प्रथम पाहावे. लांडगा बहुधा नरड्याला धरतो आणि लहान जनावर उचलून दूर नेतो. मोकाट कुत्री मागच्या पायांचे, शेपटीकडचे आणि पोटाचे लचके तोडतात आणि अनेक मेंढ्या जखमी करून सोडून देतात. कुत्र्यांनी केलेल्या नुकसानीला वन विभागाची भरपाई मिळत नाही, म्हणून तोही दोष पुष्कळदा लांडग्याच्या माथी मारला जातो. पश्चिमेकडे शाहूवाडी-राधानगरी भागात तर तरस आणि रानकुत्रा यांनाही लोक सर्रास लांडगा म्हणतात. तुमच्या बाबतीत कोकरे उचलून नेली आहेत आणि मुलूखही लांडग्याचा आहे, तेव्हा संशयाला फारशी जागा नाही.

पुन्हा असे घडल्यास त्याच दिवशी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. जमीन तुमची असल्यामुळे पंचनाम्याला तुम्ही साक्षीदार म्हणून उभे राहावे. फिरत्या मेंढपाळाला स्थानिक शेतकऱ्याचा असा आधार मिळाला तर पुष्कळ फरक पडतो. ओढत नेल्याच्या खुणा, रक्त आणि पायाचे ठसे यांची छायाचित्रे शेजारी काडेपेटी ठेवून काढावीत, म्हणजे आकार कळतो. शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. माडग्याळच्या किमतीपुढे ती तोकडी पडते.

विषाची भाषा करणाऱ्यांना हेही सांगावे की पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. कोकरांना वाघरीच्या कडेला न ठेवता मधोमध, माणसांच्या झोपण्याच्या जागेजवळ डालाखाली (मोठ्या टोपलीखाली) ठेवावे.

शेवटी, वाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य रोग) यांच्या लसी टोचून घ्याव्यात. हे रोग कुत्र्यांतून लांडग्यांत जातात, आणि पिसाळलेला लांडगा माणसावरही येतो. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेले प्राणी आढळल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे, म्हणून नर कुत्र्यांचे खच्चीकरण करता आले तर तेही करावे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवल्यास वाडा तुमच्या रानात असतानाच हे उरकता येईल.

शाहूपुरीकर

आभारी आहे. वाडा पाऊस सुरू होईपर्यंत आमच्याच रानात आहे. येत्या रविवारी जाऊन लसीकरणाचे बोलतो. मात्र एक शंका राहते: कोकरू नेलेच असेल आणि मृत जनावर सापडलेच नाही, तर केवळ खुणांवर पंचनामा मान्य झाल्याचा अनुभव येथे कोणाला आहे का?